तंजावरचा सरस्वती महाल : दालन आणि दप्तर

तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात प्रवाशांसाठी खुले असते ते संग्रहालयाचे दालन. ताडपत्रे, सचित्र पोथ्या, नकाशे व युरोपीय ग्रंथ तेथे मांडलेले आहेत. बहुतेक प्रवासी एवढे पाहून परततात. हस्तलिखितांचा मुख्य साठा मात्र दालनाबाहेर, अभ्यासकांसाठी राखलेला आहे.

नायक राजांच्या काळापासून जमत आलेल्या या संग्रहाला खरा विस्तार लाभला तो दुसऱ्या सरफोजीराजांमुळे (राज्यकाल १७९८–१८३२). १७९९ च्या तहाने त्यांची सत्ता जवळजवळ किल्ल्यापुरतीच उरली. तरीही त्यांचा ग्रंथसंग्रह हा केवळ रिकामपणाचा छंद मानणे अन्यायाचे होईल. काशीयात्रेतूनही त्यांनी पोथ्या आणविल्या. १८५५ मध्ये राज्य संपले आणि १९१८ मध्ये ग्रंथालय जनतेसाठी खुले झाले.

संग्रहात संस्कृत पोथ्या सर्वाधिक असल्या, तरी मराठी हस्तलिखितेही तीन हजारांच्या घरात आहेत. याखेरीज दरबारी मोडी कागदांची हजारावर बाडे आहेत. जमाखर्च, नेमणुका, अन्नछत्रांचा खर्च असा दैनंदिन कारभार त्यांत नोंदलेला आहे. ती वाचण्यास मोडी लिपी तर यावी लागतेच, शिवाय तमिळ शब्दांनी भरलेली तंजावरी मराठीही उमगावी लागते. दोन्ही जाणणारे वाचक विरळ आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. मूळ मराठी मजकुराकडे जाण्यासाठी मराठी अभ्यासकालाही अनेकदा त्याच तमिळ खंडांचा आधार घ्यावा लागतो.