परदेशांतील भाड्याचें घर आणि लहान मूल

सुट्टींत परदेशीं जावें, आणि तेथें हॉटेलांत न उतरतां आठपंधरा दिवसांकरितां एखादें सुसज्ज घर भाड्यानें घ्यावें, असा प्रघात अलीकडे आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांतही पडूं लागला आहे. लहान मूल बरोबर असेल तर हा बेत सर्वस्वीं योग्य होय. घरांत चूल असते, मऊ भात हवा तेव्हां करतां येतो, आणि मूल निजलें म्हणजे वडील मंडळींस त्याच खोलींत दिवा मालवून मुकाट्यानें बसावें लागत नाहीं. परंतु हॉटेल व घर यांत एक भेद आहे. हॉटेलांत आपण पाहुणे असतों; भाड्याच्या घराची किल्ली हातीं आली कीं त्या घराची जबाबदारीही आपल्याकडे येते. आणि तें घर ज्यानें मांडलें त्याच्या डोळ्यांपुढें बहुधा प्रौढ प्रवासी असतो. दुडदुडणारें मूल नसतें.

गेल्या मे महिन्यांत चिरंजीव, सूनबाई व अठरा महिन्यांचा नातू यांच्यासह आम्ही उभयतां मॉरिशस बेटावर दहा दिवस राहून आलों. पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक-आँ-फ्लाक या गांवीं घर घेतलें होतें. मुंबईहून विमानास सुमारें सहा तास लागतात. १८३४ सालापासून करारबद्ध मजूर म्हणून जे भारतीय या बेटावर नेले गेले त्यांत मराठी बोलणारी मंडळीही होती. त्यांचे वंशज गणेशचतुर्थीचा उत्सव अद्याप करतात व त्या दिवशीं तेथें सार्वजनिक सुट्टी असते. किनाऱ्यावर सुरूचीं झाडें पाहून तर आपण कोंकणांतच आहों कीं काय असें वाटतें. तेव्हां आम्हां मोठ्यांस तो देश फारसा परका वाटला नाहीं. परंतु मुलाची गोष्ट निराळी. देश बदलला हें त्याच्या गांवींही नसतें. त्याच्या लेखीं बदलतें तें घर. भिंत, उंबरठा, उशी, दुधाचा पेला एवढाच त्याचा भूगोल. म्हणून पहिला दिवस समुद्राला न देतां घराला द्यावा, हें या लेखाचें सार आहे.

घरांत शिरल्यावर पेट्या उघडण्यापूर्वीं मंडळींनीं दोन भाग करावे. एकानें मुलास घेऊन बाहेर अंगणांत बसावें. दुसऱ्यानें गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून, सर्व घर फिरून पाहावें. उभ्यानें जें दिसत नाहीं तें असें दिसतें. मोरीखालच्या कपाटांतील फरशी धुण्याचीं औषधें, पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या, कांचेच्या मेजाचे कोपरे, कठड्याजवळ ठेवलेली खुर्ची, सरकत्या दाराची सैल कडी, या सर्वांची तेव्हांच व्यवस्था लावावी. औषधें उंच फळीवर, खुर्च्या कठड्यापासून दूर, मेज भिंतीशीं. तेथें पुष्कळ घरांच्या छपरांवर सौर बंब असतात. दुपारच्या उन्हानंतर त्यांचें पाणी कढत येतें. स्नानाच्या वेळीं प्रथम थंड पाणी घेऊन त्यांत कढत मिसळावें, आणि हात घालून पाहिल्यावांचून मुलाला त्यांत बसवूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अशा पुष्कळ घरांस पोहण्याचा खासगी तलाव असतो, आणि जाहिरातींत तोच अग्रभागीं दाखवितात. बुडण्याचा धोका एक ते चार वर्षांच्या मुलांस सर्वांत अधिक, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मूल वीतभर पाण्यांतही बुडूं शकतें, आणि बुडतांना तें बहुधा ओरडत नाहीं. म्हणून आवाज ऐकूं येईल या भरंवशावर कोणीं राहूं नये. तलावास चारी बाजूंनीं कुंपण आहे काय, त्याचें दार आपोआप मिटतें काय, कडी मुलाच्या हाताबाहेर आहे काय, हें पैसे भरण्यापूर्वींच मालकास पत्रानें विचारावें. उत्तर अस्पष्ट आल्यास दुसरें घर पाहावें. पाण्यांत खेळणीं तरंगत ठेवूं नयेत. मूल त्यांच्याकडे ओढलें जातें.

कुंपण असलें तरी पहारा हवाच. मी शिक्षक असतांना मुलांस नदीकांठीं सहलीस नेण्याचे प्रसंग अनेक वेळां आले. त्या अनुभवानें सांगतों कीं, जेथें सर्वच लक्ष ठेवतात तेथें कोणाचेंच लक्ष नसतें. आम्हीं घरांत तासातासाची पाळी ठरविली होती. ज्याची पाळी त्यानें फोन व वर्तमानपत्र बाजूस ठेवावयाचें, आणि पाळी संपतांना पुढच्याचें नांव घेऊन मूल त्याच्या स्वाधीन करावयाचें. "घ्या आई, आतां बाळ तुमच्याकडे," असें सूनबाईंनीं म्हटल्याखेरीज पाळी बदलली असें आम्ही मानीत नसूं.

समुद्राविषयीं थोडें. बेटाभोंवतीं बव्हंशीं पोंवळ्यांची रांग असल्यामुळें किनाऱ्याजवळचें पाणी शांत असतें. परंतु तळाशीं काटेरी सागरी प्राणी असतात, व दगडासारखा दिसणारा एक विषारी मासाही असतो. यास्तव लहानथोर सर्वांनीं पायांत रबरी जोडे घालावे. तेथें डेंग्यू व चिकुनगुन्या हे रोग आढळतात. त्यांचा डास दिवसा चावतो. मुलास पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे, आणि कुंड्यांखालच्या बशांत साचलेलें पाणी पहिल्याच दिवशीं ओतून टाकावें.

निजण्याची व्यवस्था पेट्यांतून सर्वांआधीं बाहेर काढावी. घरचीच गोधडी, तीही न धुतलेली, बरोबर न्यावी. ओळखीचा वास ही मुलाची खरी अंगाई होय. मॉरिशसचें घड्याळ आपल्या दीड तास मागें आहे. त्यामुळें घरीं सहाला उठणारें मूल तेथें पहांटे साडेचारला उठून बसतें. त्याच्यावर रागावूं नये. रोज निजण्याची वेळ थोडी पुढें नेली म्हणजे तीनचार दिवसांत तें मार्गावर येतें. मे महिन्यांत तेथें हिंवाळा सुरू होत असून सायंकाळीं पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, हेंही ध्यानांत असावें.

अन्नाची चिंता नको. तांदूळ, डाळ, बटाटे, पालेभाज्या सर्व मिळतें, आणि रस्त्यावर विकली जाणारी दालपुरी तर आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीण शोभते. मात्र रविवारीं दुपारनंतर पुष्कळ दुकानें बंद असतात. त्या दिवशीं उतरणारांनीं पहिल्या जेवणापुरतें मेतकूट व भाजलेलें पीठ जवळ बाळगावें, आणि काय नेण्यास परवानगी आहे हें आधीं पाहावें. मुलाचें पाणी उकळूनच द्यावें.

घराचा पूर्ण पत्ता, मालकाचा फोन व रुग्णवाहिकेचा क्रमांक (मॉरिशसमध्यें ११४) ठळक अक्षरांत लिहून दाराशीं लावावा. घाबरलेल्या माणसास पाठ असलेलेंही आठवत नाहीं. तिन्हीसांजेला नेहमींची प्रार्थना, नेहमींच्याच वाटींत भात, नेहमींचीच गोष्ट, एवढें जमलें कीं मूल परक्या छपराखालीं निर्धास्त झोंपतें. तें झोंपलें म्हणजे मोठ्यांस समुद्राची गाज ऐकावयास अवकाश मिळतो.