जवारीच्या दूरच्या बहिणी
तारांचं जग : भाग ७

गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे हमखास येणारी तक्रार म्हणजे “तार झणझणतेय”. एखादा पडदा शेजारच्या पडद्यांपेक्षा केसभर वर आलेला असतो किंवा दांडी हवेनं किंचित वाकलेली असते आणि हलती तार तिथं घासते. दुरुस्त करणारा तो पडदा कानशीनं उतरवतो, दांडीतला रॉड पिळतो, तार मोकळी करून देतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गिऱ्हाईक तानपुरा घेऊन येतं ते बरोबर उलटी तक्रार घेऊन : “तार बोलत नाही.” म्हणजे ती साफ, कोरडी वाजते, झणझण हरवली आहे. मग तिथला कारागीरही कानसच हातात घेतो, पण तार पुन्हा घासेल अशी तजवीज करण्यासाठी. एकाला घासणं बंद करण्याचे पैसे मिळतात, दुसऱ्याला ते सुरू करण्याचे.

मागच्या भागात आपण तार कशाची असते ते पाहिलं : आतडं, रेशीम, पितळ, पोलाद, नायलॉन. आज तारेला सोडून तिच्याखालच्या घोडीकडे वळू. वाद्य विकत घेताना लोक भोपळ्याचा घेर बघतात, नक्षी बघतात, पॉलिश बघतात. घोडीकडे सहसा कुणी बघत नाही, आणि आवाजाचा स्वभाव तर तिथंच ठरतो.

व्हायोलिनच्या घोडीची वरची कड निमुळती असते. तार तिच्यावर एका रेषेत टेकते आणि पलीकडे निघून जाते. तानपुऱ्याची घोडी बसायच्या पाटासारखी रुंद. तार तिच्यावर आडवी पहुडते. हा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट वाटतो, पण तसा नसतो. पुढच्या अंगाला त्याला नकळत उतार दिलेला असतो. या घडणीला आणि तिच्यातून उमटणाऱ्या झंकाराला जवारी म्हणतात. छेडलेली तार खाली आली की या उतारावर थोडी टेकते, वर गेली की सुटते. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची जोडाची तार सेकंदाला सुमारे १३९ कंप घेते. म्हणजे एका सेकंदात इतक्या वेळा ती घोडीला शिवते आणि सुटते. दर वेळी मूळ स्वरातली थोडी ताकद वरच्या उपस्वरांकडे वळते. तार शांत होत जाते तसे उपस्वर एकापाठोपाठ एक उमलत आणि मावळत राहतात. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो म्हणतात, तो हाच. तो कुणी छेडलेला नसतो.

उरलेलं काम सुताचं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी दोरा सरकवायचा आणि हळूहळू पुढे-मागे करायचा. एका जागी तो आला की तार एकदम खुलते. गायक मैफलीआधी तानपुऱ्यावर ओणवा होऊन खुटखुट करत असतो तेव्हा निम्मा वेळ खुंट्या आणि मण्यांत जातो, निम्मा या दोऱ्यात.

पण घोडीचा उतारच बिघडला असेल तर दोरा काही करू शकत नाही. रोजच्या वाजवण्यानं तार घोडीत स्वतःची खाच पाडत जाते आणि मग जवारी नव्यानं काढावी लागते. हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. कारागीर तारा सैल करून बाजूला सारतो. बारीक कानस दोन-चार वेळा फिरवतो, वरून पॉलिश पेपर मारतो, भुकटी फुंकतो, तार जागेवर आणून सुरात चढवतो, छेडतो आणि मान कलती करून ऐकतो. पुन्हा तार सैल. पुन्हा कानस, या वेळी एकदाच. घासणं कमी पडलं तर तार मुकी राहते. जास्त झालं तर आवाज फाटतो, आणि घोडीचं घासून गेलेलं हाड परत भरता येत नाही, सगळा पृष्ठभाग खाली उतरवावा लागतो. शिवाय चारही तारा एकसारख्या बोलल्या पाहिजेत. तीन तारा गातायत आणि पंचम रुसलेला, असा तानपुरा मांडीवर घेऊन गायला बसणं ही शिक्षा आहे. सतारीत तर वादकाच्या आवडीप्रमाणे जवारी बदलते : रविशंकरांच्या सतारीची जवारी खुली, भरपूर झंकाराची, विलायत खाँसाहेबांची बंद, गोल, गळ्याच्या जवळ जाणारी.

मिरजेत ही कला आली शिकलगारांच्या हातून. तलवारी आणि इतर हत्यारं बनवणारी ही घराणी. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी आटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ वाद्यदुरुस्तीकडे वळले, पुढे वाद्यं घडवू लागले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय, मंगळवेढ्याच्या बाजूचे जाड सालीचे भोपळे आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा सुराच्या बाबतीत कमालीचा चोखंदळ गवई गावातच मुक्कामाला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

घोडी आणि तार यांच्यामध्ये काहीतरी सरकवण्याची युक्ती मात्र मिरजेहून फार जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या एकतंत्री वीणेच्या वर्णनात घोडीवरची धातूची पट्टी आहे आणि तार व पट्टी यांच्यामध्ये ठेवायची बांबूची बारीक कपचीही आहे. तिला तो जीवा म्हणतो. अशा घोडीवर घासणाऱ्या तारेचं विज्ञान मांडलं सी. व्ही. रामन यांनी, कलकत्त्यात, १९२१ मध्ये. शार्ङ्गदेव सिंघण राजाच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता आणि रामनही १९१७ पर्यंत सरकारी हिशेबखात्यात नोकरीला होते, हा योगायोग मला फार आवडतो. रामन यांच्या पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवत, त्यामुळे हा आवाज त्यांच्या घरातलाच होता.

रामन यांचं म्हणणं समजायला एक सोपा प्रयोग करता येतो. तार जिथं छेडाल तिथं ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, तो उपस्वर निघू शकत नाही, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा जुना नियम. म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडली तर वरच्या सप्तकातला सा त्यात नसणार. गिटारची तार मध्यावर छेडा आणि लगेच त्याच जागी बोट हलकेच टेकवा : आवाज जवळजवळ विझतो. आता जवारी चांगली लागलेल्या तानपुऱ्यावर हेच करा. मूळ स्वर विझतो, पण वरचा सा गात राहतो. छेडताना जो तारेत नव्हता तो घोडीनं निर्माण केला. रामन यांनी वीणा आणि तानपुरा या दोन्हींबद्दल हे दाखवून दिलं आणि त्याचं श्रेय नेमकं रुंद, उताराच्या घोडीला दिलं. हा शोधनिबंध अवघा काही पानांचा आहे.

आता जवारीच्या दूरच्या बहिणी शोधत जपानकडे जाऊ. तिथल्या नारा शहरात शोसोइन नावाचं राजकोषागार आहे. त्यात आठव्या शतकातला एक पाच तारांचा बिवा जपून ठेवलेला आहे, आणि त्यावर शिंपल्याच्या जडावात उंटावर बसून वाद्य वाजवणारा माणूस काढलेला आहे. जपानात उंट नाहीत. वाद्य कुठल्या वाटेनं आलं ते त्यावरच काढून ठेवलं आहे : मध्य आशिया, चीन, मग समुद्र. पुढे आंधळे भिक्षू गावोगावी बिवा वाजवत हेइके घराण्याच्या लढायांची आख्यानं लावू लागले. त्यानंतरचा सात्सुमा बिवा हातात घेतला तर त्याचे पडदे पाहावेत. ते उंच आहेत आणि त्यांचे माथे चांगले रुंद आहेत. तार त्या माथ्यावर घासून झणझणावी म्हणून वादक ते तासून घेतात. मिरजेत घोडीवर होणारं काम इथं प्रत्येक पडद्यावर होतं.

शामिसेन हे तीन तारांचं वाद्य सोळाव्या शतकात र्युक्यू बेटांवरून जपानात आलं. त्याच्या दांडीला पडदे नाहीत. वरच्या टोकाला दुसरी आणि तिसरी तार छोट्या मेरूवर टेकते. सगळ्यात जाड पहिली तार मात्र मेरूला वळसा घालून थेट दांडीच्या लाकडावर उतरते आणि तिथल्या छोट्या उंचवट्याला घासते. या झणझणीला ते सावारी म्हणतात. काही वाद्यांना मागच्या बाजूनं छोटा स्क्रू बसवलेला असतो, तो फिरवून ती कमी-जास्त करता येते. गंमत पुढे आहे. वरच्या तारांवर स्वर नेमका लागला की न छेडलेली पहिली तारही झणझणून साथ देते. स्वर ढळला तर ती गप्प. चुकलं की लगेच कळतं, आणि ते शेजारच्यालाही कळतं.

तोरू ताकेमित्सु हा विसाव्या शतकातला मोठा जपानी रचनाकार. सुरुवातीला तो परंपरेपासून फटकून होता, मग याच सावारीनं त्याला परत ओढलं. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १२५व्या वर्धापनानिमित्त त्यानं ‘नोव्हेंबर स्टेप्स’ रचलं. १९६७ च्या नोव्हेंबरात सेइजी ओझावाच्या संचालनाखाली ते सादर झालं : एका बाजूला पूर्ण वाद्यवृंद, दुसऱ्या बाजूला एक बिवा आणि एक शाकुहाची बासरी. ताकेमित्सुनं दोन्ही पक्षांची दिलजमाई करण्याचा प्रयत्नच केलेला नाही. बराच वेळ एक पक्ष बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. ध्वनिमुद्रण मिळतं, जरूर ऐकावं. बिवाचा पहिला आघात झाला की तंबोऱ्याच्या सोबतीत वाढलेल्या कानाला काहीतरी ओळखीचं सापडतं.

इथिओपियातल्या बेगेनाला आपल्याकडे कुणी ओळखत नाही. माणसाच्या छातीपर्यंत येणारं, दहा तारांचं, लाकडी चौकटीचं हे वाद्य. राजा दावीदाचं वाद्य ते हेच, अशी तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांची श्रद्धा, आणि दहा तारा म्हणजे दहा आज्ञा. चर्चमधल्या उपासनेत ते वाजत नाही. वाजतं ते घरात, एकट्यानं, विशेषतः ईस्टरपूर्वीच्या ५५ दिवसांच्या उपवासात. तारा मेंढीच्या आतड्याच्या, जाडजूड. रुंद घोडीवर प्रत्येक तारेखाली कातड्याचा छोटा तुकडा सरकवलेला असतो, तारेगणिक वेगळा. तो थोडा पुढे-मागे केला की तार गुरगुरू लागते. आपल्या सुताचंच काम, फक्त कातड्यानं केलेलं. आवाज इतका खोल आणि घोगरा की गाणाऱ्याचे पुटपुटलेले शब्द त्यातच मुरून जातात. १९७४ नंतरच्या लष्करी राजवटीला हे धार्मिक वाद्य खपलं नाही. रेडिओवरून ते गेलं, शिकवणंही थांबलं. अलेमू आगा यांच्यासारख्या मोजक्या वादकांनी ते घरात जपलं, आणि राजवट गेल्यावर ते पुन्हा उघड वाजू लागलं.

पश्चिम आफ्रिकेतल्या कोऱ्याबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यासाठी एक स्वतंत्र भाग राखून ठेवला आहे. अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणलेलं, २१ तारा, आणि परंपरेनं घोडीच्या माथ्यावर कडेनं बारीक कड्या ओवलेली पत्र्याची पट्टी. तारा हलल्या की कड्याही वाजतात. हल्ली बरेच वादक स्टुडिओत ही पट्टी काढून ठेवतात, कारण मायक्रोफोनला ती ‘नॉइज’ वाटते. माझ्या मते हे नुकसान आहे.

झणझण ही फक्त आशिया-आफ्रिकेची आवड, असं मात्र समजू नये. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपी हार्पच्या तारांना मुळाशी इंग्रजी एल अक्षरासारख्या लाकडी खुंट्या असत. त्या वळवून तारेला अलगद टेकवल्या की हार्प कर्कश झणझणे, आणि तेव्हा तोच हार्पचा नेहमीचा आवाज होता. फ्रान्सच्या खेड्यांत आजही वाजणाऱ्या व्हिएल या चाकाच्या वाद्यात एका तारेखालची घोडी मुद्दाम अर्धवट सुटी ठेवतात. त्या घोडीला ते कुत्रा म्हणतात. वादक हँडल फिरवता फिरवता मनगटाला हिसका देतो, चाक क्षणभर वेग घेतं, आणि कुत्रा भुंकतो. नाचाचा ठेका त्या भुंकण्यावर चालतो.

मग युरोपच्या दरबारांतून आणि सभागृहांतून हा आवाज गेला कुठे? मला वाटतं, त्याला हार्मनीनं हाकललं. तीन-चार स्वर एकदम वाजवायचे, क्षणात बदलायचे, आणि चाळीस-पन्नास वादकांनी ते मिळून करायचं, तर प्रत्येक स्वराला फुटणारे उपस्वर एकमेकांच्या अंगावर येणार. गढूळपणाच वाढणार. तिथं धारदार कडेची, मुकाट घोडीच हवी. उलट आपल्याकडे सा एकदा लावला की मैफल संपेपर्यंत हलत नाही, बिवाच्या आख्यानात एका आघातानंतर लांब शांतता असते, बेगेनावाला एकटाच असतो. एकाच स्वराला इतका वेळ द्यायचा तर त्याच्या पोटातून काही निघत राहायला हवं. त्यामुळे झणझणणारी वाद्यं ‘अविकसित’ राहिली आणि साफ वाजणारी पुढे गेली, असं जुन्या पुस्तकांतून वाचायला मिळतं ते मला साफ अमान्य आहे. घासणारी तार मोकळी करणं तुलनेनं सोपं आहे. तिला हवी तेवढीच घासायला लावणं अवघड.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाइलमधलं अॅप यांच्याशी माझं भांडण नाही. प्रवासात, रियाजाला ते सोयीचे आहेत. पण त्यात एकच आवर्तन फिरत राहतं, आणि हातानं छेडलेल्या तानपुऱ्याचा दुसरा फेरा पहिल्यासारखा कधीच नसतो.

तुमच्या घरात आजोबांचा किंवा आत्याचा तानपुरा खोळीत पडून असेल, तर या आठवड्यात बाहेर काढा. तारा थोड्या सैल करून बाजूला सारा आणि घोडीवर उजेड पाडून बघा. तारांच्या रेघा उमटलेल्या दिसल्या तर जवारी काढायची वेळ झाली आहे. स्वतः पॉलिश पेपर मारायला जाऊ नका, आणि घोडी सुटी काढून कुरिअरनंही पाठवू नका. वाद्य घेऊन जा : जवारी त्याच वाद्यावर, त्याच तारांवर, ऐकून लावावी लागते. पुढच्या भागात सारंगीच्या आणि नॉर्वेच्या हार्डांगर फिडलच्या तरफा.