जुन्या चित्रकार्डांचें मोल

टपालाचीं तिकिटें, जुनीं नाणीं किंवा काड्यापेट्यांवरील चित्रें जमविणारे विद्यार्थी बहुतेक शाळांत आढळतात. याच जातीचा एक संग्रह अमेरिकेंत फार लोकप्रिय आहे; तो म्हणजे खेळाडूंच्या चित्रकार्डांचा. तळहातावर मावणाऱ्या या कागदास मोल कशानें येतें, याचा विचार आम्ही येथें थोडक्यांत करणार आहों.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील व्यापारी सिगारेटचें पाकीट चेपूं नये म्हणून त्यांत जाड कागदाचा तुकडा घालीत. त्यावर चित्रें छापूं लागल्यावर तोच जाहिरातीचें साधन झाला. कारण मालिका पुरी करण्याच्या हौसेनें गिऱ्हाईक पुन्हां पुन्हां तेंच पाकीट घेई. १९०९ ते १९११ या काळांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें काढलेल्या बेसबॉलच्या मालिकेंत होनस वॅग्नर या नामांकित खेळाडूचें चित्र होतें. तें छापणें लवकरच बंद पडलें. आपल्या चित्रासाठीं मुलांनीं तंबाखू घ्यावी हें वॅग्नरला रुचलें नाहीं, असें कांहीं सांगतात. त्यास मोबदला हवा होता, असें दुसरे म्हणतात. कसेंही असो, आज त्या कार्डाच्या सुमारें ६० प्रतीच ज्ञात आहेत, व त्यांतील एक २०२२ सालीं ७२,५०,००० डॉलरांस विकली गेली.

यावरून दुर्मिळता हें मोलाचें पहिलें कारण, हें उघड आहे. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. विस्मृत खेळाडूचें दुर्मिळ कार्डही कोणी विचारीत नाहीं, मागणी हवीच. तिसरें कारण कार्डाची स्थिति. कोपरे शाबूत, रंग ताजे, चित्र मध्यावर आणि कागदास घडी नाहीं, असें पाहून परीक्षक १ ते १० पर्यंत गुण देतात.

येथेंच लबाडीस वाव मिळतो. वॅग्नरच्या एका कार्डास त्याच्या रेखीव कडांमुळें ८ गुण मिळाले होते, व २००७ सालीं तें २८,००,००० डॉलरांस विकलें गेलें. पूर्वीं तें विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानें २०१३ सालीं न्यायालयांत कबूल केलें कीं, त्या कडा आपणच कापल्या होत्या व ही गोष्ट लपविली होती. म्हणून सचोटी हें मोलाचें चौथें अंग समजलें पाहिजे.

आतां दुसरा एक संग्राहक पाहूं. सिराक्यूज गांवचा जेफर्सन बर्डिक हा कारखान्यांतील साधा कामगार. संधिवातानें त्याचे हात जखडले होते. तरी त्यानें तीन लाखांहून अधिक कार्डें व छापील कागद जमविले, त्यांची वर्गवार सूची १९३९ सालीं प्रसिद्ध केली, आणि सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. तेथें बसून तो एकेक कार्ड वह्यांत चिकटवीत असे. तें काम त्यानें जानेवारी १९६३ मध्यें संपविलें व मार्चमध्यें त्याचा अंत झाला. चिकटविलेल्या कार्डाची बाजारांतील किंमत उतरते. पण अभ्यासकांस तीं पाहतां यावींत, हा त्याचा हेतु होता. त्या संग्रहांत वॅग्नरचेंही कार्ड आहे.

आमच्या बालवाचकांनीं संग्रह अवश्य करावा. वस्तु जशी मिळाली तशीच जपावी, ती कोठून व केव्हां आली याची नोंद ठेवावी, आणि तिची किंमत विचारण्यापूर्वीं ती काय सांगते हें विचारावें. बाजारभाव चढतो व उतरतो. अशा रीतीनें मिळविलेलें ज्ञान मात्र आपलेंच राहतें.