दुभंगलेल्या जबड्याची पुनर्घडण

जबड्याची ठेवण सुधारण्याची शस्त्रक्रिया ठरली, की रुग्णाच्या घरी एक समजूत हमखास मूळ धरते: शल्यविशारद हाड कापतो, इष्ट जागी सरकवतो, टायटॅनियमच्या पट्ट्या नि स्क्रू बसवतो आणि त्या धातूच्या बळावरच जबडा आयुष्यभर टिकतो. वस्तुतः त्या पट्ट्यांची नेमणूक हंगामी आहे. हाडाची टोके हलू न देण्याचा बंदोबस्त तेवढा त्यांनी करावयाचा, सांधण्याचे काम हाडातील पेशींचे. त्या काढाव्याच लागतात, हेही खरे नव्हे. संसर्ग वा त्रास झाला नाही, तर त्या बहुधा तशाच राहतात.

वरचा जबडा कवटीपासून सुटा केल्यावर तो रक्तावाचून मरेल, ही भीती स्वाभाविक असली, तरी 1970 च्या आसपास अमेरिकन शल्यविशारद विल्यम बेल यांनी माकडांवर केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की टाळूचे व हिरड्यांचे मांसल आवरण शाबूत राखले, तर त्यातून पोहोचणारे रक्त त्या सुट्या हाडाला जगवण्यास पुरते.

सर्वांत दृढ गैरसमज मात्र मुदतीविषयीचा. छेदातील साकळलेल्या रक्तात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, त्यांच्यामागून घाईने विणलेले कच्चे हाड येते, आणि साधारण 6 ते 8 आठवड्यांत सांधा चावण्याचा भार हळूहळू सोसू लागतो. तेव्हा ‘हाड भरले’ असे ऐकताच रुग्ण प्रकरण दप्तरी दाखल करून मोकळा होतो. परंतु त्यानंतरही कित्येक महिने अस्थिभंजक पेशी ते कच्चे हाड कुरतडीत असतात आणि त्यांच्या पाठोपाठ अस्थिजनक पेशी थरावर थर रचून पक्के हाड घडवीत असतात. हाड भाराच्या दिशेप्रमाणे आपली रचना बदलते, हे ज्युलियस वुल्फ यांनी 1892 मध्ये मांडलेले तत्त्व येथेही आपला अंमल चालवते. त्वचेची जखम व्रण ठेवून बरी होते, हाड मात्र हाडानेच भरून येते, आणि खालच्या जबड्याच्या कडेला छेदानंतर बोटांना जाणवणारी पायरी पुष्कळदा काळाच्या ओघात गुळगुळीत होत जाते. मला तर शरीराच्या साऱ्या कारभारात याहून विलक्षण कारागिरी क्वचितच दिसते.

तथापि ही घडण नेहमी हिताचीच होते, असेही मानू नये. क्वचित, आणि विशेषतः तरुण स्त्रियांत, कानापुढील सांध्यात बसणारे खालच्या जबड्याचे टोक झिजू लागते आणि जुळलेले दात पुन्हा उघडे पडतात. हे शस्त्रक्रियेनंतर लगेच नव्हे, तर कित्येक महिन्यांनी दिसू लागते, म्हणूनच हाड भरल्यानंतरही तपासण्यांचा क्रम चालू ठेवतात.