यीस्टमधला हिरवा ठिपका

डिचोलीला माझ्या माहेरी सकाळ होते ती पोदेराच्या सायकलच्या भोंग्याने. पूर्वी पावाचं पीठ माडाची सूर घालून फुगवत, असं आजी सांगायची. रेंदेर कमी झाले आणि बाजारचं यीस्ट आलं. त्याच यीस्टवर पुढे माझी नोकरी चालेल असं कोणी म्हटलं असतं, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

लिहायचं कारण मात्र सासरचं, पेडण्याचं. गेल्या वर्षी मोठ्या नणंदेला स्तनाचा कर्करोग निघाला. जनुक तपासणीत ‘बीआरसीए-२’ या जनुकात बिघाड दिसला. हे आपल्याकडूनच लेकीला गेलं, असं सासूबाईंनी धरूनच टाकलं. त्यात नातीच्या लग्नाची काळजी. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, “तू पेशींचंच बघतेस ना? मग सांग, नक्की मोडलंय काय?”

खरं तर मोडतोड सगळ्यांच्याच पेशींत रोज चालू असते. ऊन, धूर, किरणोत्सार ही कारणं आहेतच, पण पेशी डीएनएची नक्कल काढते तेव्हाही तो कधी कधी तुटतो. दोन्ही धागे एकदम तुटले तर काम अवघड. मग पेशी शाबूत असलेल्या दुसऱ्या प्रतीवरून मजकूर पाहून तुटलेला भाग पुन्हा लिहून काढते.

ही दुरुस्ती समजली त्यात यीस्टचा वाटा मोठा. यीस्टमध्ये सुमारे ६००० जनुकं, १६ गुणसूत्रं, आणि दीड तासात एकाच्या दोन पेशी. किरणोत्सार सोसू न शकणारे यीस्टचे वाण शोधता शोधता ‘रॅड’ नावाची जनुकं सापडली. त्यांतलं रॅड-५२ आमच्या कामाचं. पण जिवंत पेशीत ते काम करताना बघायचं कसं?

त्याचं उत्तर जेलीफिशमधून आलं. ओसामु शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हजारो जेलीफिश गोळा करून त्यांतून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं आणि १९६२ मध्ये त्याची माहिती छापली. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचं जनुक दुसऱ्या सजीवांत घालून दाखवलं. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना आणि रॉजर त्सिएन यांना मिळालं. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा शिमोमुरा सोळा वर्षांचे होते आणि शहरापासून थोड्याच अंतरावर काम करत होते. घरी परतताना काळ्या पावसात भिजले. आजीने त्यांना लगेच आंघोळ करायला लावली. किरणोत्साराने डीएनएचं काय होतं, हे बघायला पुढे त्यांचंच प्रथिन उपयोगी पडलं, ही गोष्ट मला कधी विसरता येत नाही.

मोरजीला काही रात्री लाटा चमकतात, तो प्रकार वेगळा. तिथले सूक्ष्मजीव स्वतःच उजेड पाडतात. या प्रथिनावर निळा प्रकाश टाकावा लागतो, मग ते हिरवा परत देतं. त्याचं जनुक रॅड-५२ च्या जनुकाला जोडलं की यीस्टच्या केंद्रकात फिकट हिरवं धुकं दिसतं. डीएनए तोडणारं औषध घातलं की ते धुकं गोळा होऊन ठसठशीत ठिपका होतो. दुरुस्ती झाली की ठिपका विरतो. न्यूयॉर्कमध्ये मायकेल लिस्बी आणि रॉडनी रॉथस्टीन यांनी २००१ मध्ये हे ठिपके जिवंत पेशीत दाखवले. दोन ठिकाणी तुटलेला डीएनए पुष्कळदा एकाच ठिपक्यात दुरुस्तीला येतो, हेही त्यांनी २००३ मध्ये दाखवलं. आपल्या गावात कसं, दोन वाड्यांतल्या पंक्चर झालेल्या सायकली एकाच दुकानात येतात, तसंच.

सुरुवातीला मी एक पूर्ण दिवस अंगभर चमकणाऱ्या पेशी मोजत बसले होते. त्या मेलेल्या होत्या. मेलेली पेशी अशीच सगळीकडून चमकते!

यीस्टमध्ये बीआरसीए-२ नसतं. तुटलेल्या टोकावर रॅड-५१ हे प्रथिन बसवण्याचं काम तिथे रॅड-५२ करतं, आणि माणसात ते मुख्यतः बीआरसीए-२ कडे आहे. आपल्याकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. ती दुसरीही एखाद्या पेशीत गेली, तर दुरुस्ती अडते. म्हणजे हा वारसा धोका वाढवतो, पण रोग होणारच असं नाही. आणि बिघडलेली प्रत वडिलांकडूनही तितकीच येऊ शकते. हे ऐकून सासूबाईंनी भिंतीवरच्या मामंजींच्या फोटोकडे पाहिलं आणि चक्क हसल्या.

याच बिघाडाचा फायदा घेणारी औषधंही आली आहेत. ओलापॅरिब त्यांतलं पहिलं, २०१४ चं. दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असलेल्या कर्करोगाच्या पेशीत ते दुसरी वाटही अडवतं, आणि ती पेशी मरते. नणंदेला ते द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

त्या संध्याकाळी मी मोबाइलवर आमच्या यीस्टचा व्हिडिओ लावला. सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिला. भाचीने मात्र तो पाहिला नाही. ती तपासणीला किती रक्त काढतात, तेवढंच विचारत होती.