विसरणें म्हणजे आळस नव्हे

घरांतील एखादा मुलगा परीक्षेंत मागें पडला, तर त्याला शिकवणी ठेवण्यास आपण मागेंपुढें पाहत नाहीं. परंतु तोच मुलगा दीर्घ मानसिक विकारांतून सावरत असतां सांगितलेल्या तीन गोष्टींपैकीं दोन विसरूं लागला, तर त्याला पुन्हा शिकवावें असें कोणाच्या मनांत येत नाहीं. 'आतां बरा झाला ना? मग हातपाय कां हलवीत नाहीं?' असें मात्र सर्वजण विचारतात.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत आम्हीं हाच प्रकार पाहिला. थोरले चिरंजीव छिन्नमनस्कतेनें आजारी होते. औषधानें भास थांबले, झोप लागूं लागली. वडिलांनीं दूध, भाजी व टपाल अशीं तीन कामें एका दमांत सांगावीं, आणि चिरंजीवांनीं भाजीवाल्यापाशीं रिकामी पिशवी धरून उभें राहावें! वडील रागावत, आई डोळे पुशी. आणि वर्गांत आयुष्य घालविलेल्या आम्हांसहि तो आळसच वाटला. ती आमची चूक होती, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

चरकसंहितेंत उन्मादाचें लक्षण सांगतांना मन, बुद्धि, संज्ञाज्ञान, स्मृति, भक्ति, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. म्हणजे स्मृतीचा बिघाड हा रोगाचाच भाग होय. युरोपांत क्रेपेलिन यांनीं या विकारास 'अकाली बुद्धिनाश' अशा अर्थाचें नांव दिलें होतें. पुढें १९०८ सालीं स्वित्झर्लंडचे ब्लॉयलर यांनीं 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द योजला. आजचीं औषधें भास व भ्रम बहुधा आटोक्यांत आणतात. परंतु अवधान, स्मृति आणि कामाची आंखणी यांवर त्यांचा उपयोग फार थोडा होतो. ही उणीव भरून काढण्यासाठींच बुद्धिव्यापारांचें रीतसर शिक्षण देण्याची पद्धति निघाली आहे.

ती रीत कोणाहि चांगल्या शिक्षकास ओळखीची वाटेल. रोग्याचें अवधान कोठें तुटतें हें आधीं पाहावयाचें. मग इतकें सोपें काम द्यावयाचें कीं चुकण्यास फारशी जागाच राहूं नये. तें साधलें कीं एक पायरी वर चढावयाचें. आंकडे लक्षांत ठेवणें, चित्रांचे गट पाडणें, संगणकावरील खेळ, अशीं साधनें असतात. आपण काय करीत आहों तें प्रथम मोठ्यानें, मग हळू, आणि शेवटीं मनांतल्या मनांत म्हणणें, हीहि एक युक्ति आहे.

लंडनच्या टिल वाइक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं ४० अभ्यासांतील २१०४ जणांची माहिती एकत्र तपासली. इटलींतील व्हिटा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२१ सालीं १३० अभ्यासांतील ८८५१ जणांची. लाभ माफक, पण खरा, असें दिसून आलें. शिकविणारा जवळ बसून युक्ति समजावून देईल आणि शिकलेलें प्रत्यक्ष व्यवहाराशीं जोडलें जाईल, तर तो लाभ वाढतो. बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेंतील संशोधकांनीं तर दोन महिन्यांचा असा अभ्यास रोग्याच्या घरींच करवून पाहिला, व त्याचें वृत्त २०१२ सालीं प्रसिद्ध केलें.

वर सांगितलेल्या घरींहि तज्ज्ञांच्या सल्ल्यानें रीत बदलली. एका वेळीं एकच काम सांगूं लागले. पुढें कागदावर दोन ओळी, मग तीन. काम झालें कीं त्या ओळीवर खूण. धाकटी भावजय रोज सकाळीं थोडे तांदूळ निवडावयास देई. आरंभीं पसाभर, पुढें ताटभर. चूक झाली तर कोणी हसावयाचें नाहीं, असा वडिलांनीं दंडकच घातला. कांहीं महिन्यांनीं चिरंजीव एकटे बाजार करून पैशापैशाच्या हिशेबासह परत येऊं लागले. औषध सुटलेलें नाहीं, नोकरीहि लागलेली नाहीं. परंतु बाहेर जातांना वडील घराची किल्ली त्यांच्या हातीं देतात.

वाचकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, औषध आपल्या मतानें बंद करूं नये, शिक्षण तज्ज्ञांस विचारून आरंभावें, आणि टोमणा मारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. पहिलींतल्या मुलानें दहादां चुकविलेलें अक्षर आपण अकराव्यांदा गिरवून घेतोंच ना? तेवढाच धीर घरांतील या मोठ्या विद्यार्थ्यासहि द्यावा.