आधी उचल, मागून मजुरी

दसरा-दिवाळीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड, कंधारच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या हलू लागतात. मुकादमाची उचल त्याआधीच घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि हिशेब कोयत्यावर. याच तालुक्यांच्या तहसील कचेरीत ‘रोहयो’ची, म्हणजे रोजगार हमी योजनेची, शाखा आहे. मजुराला गाव सोडावं लागू नये, यासाठीच तर ती थाटलेली.

रोजगार हमी मूळची महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळानंतर ती राज्यभर गेली. त्या सालची सुकडी आणि खडीफोड मराठवाड्यातली म्हातारी माणसं अजून विसरलेली नाहीत. नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 1975 मध्ये, योजनेच्या पैशासाठी व्यवसाय कर आला. नोकरदाराच्या पगारातून महिन्याला 200 रुपये कापले जातात ते हेच. कापून घेणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. राज्याचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. केंद्राने 2005 मध्ये आपला कायदा केला, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या 200 जिल्ह्यांत नांदेड होतं.

या हमीची खरी मेख मागणीत आहे. काम मजुराने मागायचं. नमुना 4 भरायचा, तारखेची पोच घ्यायची. 15 दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता. पण पोचच नसेल तर 15 दिवस मोजायचे कुठून? म्हणून अर्ज ठेवून घेतला जातो आणि पोच ‘उद्या या’वर जाते.

काम निघालं तरी मजुरी नुसत्या हजेरीवर नसते, मोजमापावर असते. लातूरच्या जळकोट-अहमदपूर पट्ट्यात बालाघाटाचा मुरूम लागला की कुदळ उसळते. मऊ मातीचा दर वेगळा, कठीण मुरमाचा वेगळा. खणताना मधे मातीचा एक खुंट न खणता ठेवतात. त्याच्या उंचीवरून खोली मोजायची आणि ती मोजमाप पुस्तिकेत चढवायची. अभियंता उशिरा आला की मोजमाप लांबतं, मोजमाप लांबलं की मस्टर अडतं. अलीकडे हजेरीचे फोटोही मोबाइलवरून दिवसाला दोनदा चढवायचे. माळावर रेंज नसली तर मुकाट उभं राहायचं.

15 दिवसांत मजुरी द्यावी असं 2005 च्या कायद्यातच लिहिलेलं होतं, उशीर झाल्यास भरपाईसुद्धा. दवाखान्याला, लेकीच्या लग्नाला पैसा लागतो तो मात्र आज. मुकादमाची उचल फिटता फिटत नाही, पुढल्या हंगामाच्या अंगावर येते, हे कोयत्याला पुरतं ठाऊक असतं. तरी तो तिकडे जातो, कारण तिथे पैसे कामाआधी हातात पडतात.